डोक्यावर बिस्कीट, बदक आणि उडती चप्पल: मायनर लीगच्या टोप्या जमवायच्या कशा आणि घालायच्या कशा

अमेरिकेत आलेला आपला माणूस पहिल्या वर्षात एक बेसबॉल टोपी घेतोच, आणि ती बहुतेक वेळा न्यूयॉर्कच्या यांकीज टीमची गडद निळी असते, एन आणि वाय एकमेकांत गुंतलेले. टोपी चांगलीच आहे हो, पण विमानतळावर, मॉलमध्ये, अगदी दादरच्या फुटपाथवरसुद्धा तीच दिसते आणि ती घालणाऱ्यातल्या निम्म्या लोकांना बेसबॉलशी काही देणंघेणं नसतं. त्यापेक्षा लोण्याची जीभ बाहेर काढलेलं बिस्कीट डोक्यावर घालून बघा. ग्रोसरीच्या लाइनीत अनोळखी माणूस थांबून विचारतो, हे काय आहे बाबा? आणि मग तुम्ही त्याला अलाबामाच्या माँटगोमेरी शहराची गोष्ट सांगता. मायनर लीगच्या टोप्यांची सगळी मजा इथे आहे. मी न्यू जर्सीत राहतो, इथून तासा-दोन तासांच्या ड्राइव्हवर अशा भरपूर टीम्स आहेत, त्यामुळे हा नाद लागायला वेळ लागला नाही. ज्यांना सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

आधी थोडं लीगबद्दल

मेजर लीग म्हणजे अमेरिकन बेसबॉलची सगळ्यात वरची लीग, तिच्यात ३० टीम्स. या प्रत्येक टीमच्या खाली चार पायऱ्या असतात: सगळ्यात वर ट्रिपल-ए, मग डबल-ए, मग हाय-ए आणि मग सिंगल-ए. या पायऱ्यांवरच्या टीम्स म्हणजेच मायनर लीग. म्हणजे ३० गुणिले ४, एकूण १२० टीम्स. ही व्यवस्था २०२१ पासूनची. त्याआधी टीम्स जास्त होत्या, २०२० चा सीझन कोविडमुळे अख्खा रद्द झाला आणि त्यानंतर मेजर लीगने सगळी फेररचना करून बऱ्याच गावांना बाहेरचा रस्ता दाखवला. टोप्या जमवणाऱ्यांसाठी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, का ते पुढे येईलच.

खेळाडू या पायऱ्या चढत-उतरत राहतात, आज दिसलेला पिचर (चेंडू टाकणारा) पुढच्या महिन्यात दुसऱ्याच गावात असतो. त्यामुळे छोट्या टीमला खेळाडूंच्या नावावर काही विकता येत नाही. त्यांच्याकडे विकायला असतं ते गावाचं नाव, विचित्र मॅस्कॉट, स्वस्त तिकीट आणि टोपी. म्हणून तर त्यांचे लोगो इतके वेडे असतात. सॅन डिएगोची ब्रँडिओज नावाची डिझाइन कंपनी आहे, जेसन क्लाइन आणि केसी व्हाइट या दोन मित्रांची, आज दिसणारे कितीतरी चित्रविचित्र लोगो त्यांनीच काढलेले आहेत. त्यांची पद्धत साधारण अशी की गावात जायचं, लोकांशी बोलायचं, गावात काय खातात, कशाचा अभिमान आहे, कशाची चेष्टा करतात ते ऐकायचं आणि त्यातून टीम उभी करायची.

एक गोंधळ इथेच मिटवतो. सवाना बनानाज ही मायनर लीगची टीम नाही, २०१६ मध्ये ती कॉलेजच्या मुलांच्या समर लीगमधून सुरू झाली आणि आता स्वतःचाच वेगळा बनाना बॉल खेळत फिरते. पिवळी टोपी आवडली तर बिनधास्त घ्या, पण १२० च्या हिशोबात ती धरू नका.

डोकं मोजा, मग पैसे काढा

शिंप्याकडे असते ती कापडी टेप घ्या. कपाळावर भुवयांच्या साधारण बोटभर वर, कानांच्या वरून, मागे डोक्याचा जो सगळ्यात फुगीर भाग असतो तिथून फिरवा. घट्ट ओढायची नाही. टेप नसेल तर सुतळी गुंडाळा आणि पट्टीवर मोजा. समजा ५८ सेंटीमीटर आलं, तर त्याला ८ ने भागा, सव्वासात येतं, म्हणजे तुमचा साइज ७ १/४. ही काही जादू नाही, अमेरिकन टोपीचा साइज म्हणजे मुळात डोक्याचा इंचातला व्यास, आणि एका इंचातल्या २.५४ सेंटीमीटरला π ने, म्हणजे ३.१४ ने गुणलं की जवळजवळ ८ येतात. ५६ ला ७, ५७ ला ७ १/८, ५९ ला ७ ३/८, ६० ला ७ १/२. मधलं काही आलं तर वरचा साइज घ्या, कारण सैल टोपीत आतल्या पट्टीमागे फोमची बारीक पट्टी चिकटवता येते, घट्ट टोपीने मात्र दुपारभर डोकं ठणकतं.

केस कापायच्या आधी आणि नंतर यात फरक पडतो हेही सांगून ठेवतो. आणि एकाच साइजच्या दोन टोप्या डोक्यावर सारख्या बसतीलच असं नाही, त्यामुळे दुकानात असाल तर एकाच साइजच्या तीन-चार घालून बघायला लाजू नका. काउंटरवरच्या पोरांना त्याची सवय असते.

कुठल्या प्रकारची घ्यायची

बहुतेक टीम्सच्या मैदानावरच्या टोप्या न्यू एराच्या असतात. बफेलोची कंपनी, १९२० मध्ये एअरहार्ट कॉक यांनी काढलेली. त्यांची ५९फिफ्टी हा १९५४ पासूनचा प्रकार, यालाच फिटेड म्हणतात: मागे पट्टा नाही, बक्कल नाही, बरोबर तुमच्या साइजची गोल टोपी. सहा तुकडे, पुढच्या दोन तुकड्यांच्या आत कडक जाळीदार कापड, वर बटण. खेळाडू हीच घालतात आणि जमवणाऱ्यांमध्ये मानही हिलाच. किंमत साधारण ४० डॉलरच्या आसपास, कधी थोडी वर.

आता खरं सांगू का, आपल्यातल्या बऱ्याच जणांना साधी ५९फिफ्टी डोक्यावर बादलीसारखी उंच दिसते. त्यांनी लो प्रोफाइल बघावी, तीच टोपी पण पुढची भिंत थोडी बुटकी. ३९थर्टी मागून ताणणारी असते, स्मॉल-मीडियम, मीडियम-लार्ज अशा साइजमध्ये येते, गाडी चालवताना आरामाची. ९फिफ्टी म्हणजे मागे प्लास्टिकच्या टिचबटणांची स्नॅपबॅक, ९फॉर्टीची ब्रिम, म्हणजे पुढची झापड, आधीच वाकलेली, आणि ९ट्वेंटी एकदम मऊ, धुतलेल्या कापडाची, खिशात घडी घालून जाते. फॉर्टीसेव्हन ब्रँडची क्लीन अप पण याच मऊ जातीतली. कुणाला भेट द्यायची असेल तर फिटेडच्या फंदात पडू नका, अ‍ॅडजस्टेबलच घ्या.

कापडाचं म्हणाल तर २००७ च्या सुमारास मेजर लीगच्या मैदानावरची टोपी लोकरीची जाऊन पॉलिएस्टरची झाली आणि मायनरमध्येही आता बऱ्याच तशाच दिसतात. पॉलिएस्टर घामाला बरं आणि आकसत नाही. लोकरीची दिसायला भारदस्त असते पण जुलैच्या उन्हात डोकं शिजतं, आणि पावसात भिजली की घट्ट होते.

काय जमवायचं ते ठरवा, नाहीतर दिवाळं निघेल

१२० टीम्स, प्रत्येकीची घरची टोपी, बाहेरगावची टोपी, रविवारची टोपी, बॅटिंग प्रॅक्टिसची टोपी, शिवाय एखाद्या रात्रीपुरत्या बदललेल्या नावाच्या टोप्या. सगळं जमवायला गेलात तर घर विकावं लागेल. एक धागा पकडा. माझा धागा साधा आहे, ज्या टोपीमागे गावाची गोष्ट आहे तीच घ्यायची. लोगो नुसता गोंडस असेल तर हात आखडता.

गोष्ट म्हणजे काय, तर हार्टफर्ड यार्ड गोट्स बघा. रेल्वे यार्डात डबे इकडून तिकडे ढकलणाऱ्या छोट्या इंजिनाला तिथले लोक यार्ड गोट म्हणायचे, त्यावरून नाव, आणि टोपीवर चक्क बेसबॉलची बॅट चावणारी बकरी. वर गंमत अशी की २०१६ साली टीम सुरू झाली तेव्हा स्टेडियमच तयार नव्हतं, अख्खा पहिला सीझन बाहेरगावी खेळून काढला आणि घरचं मैदान मिळालं २०१७ मध्ये. एक वर्ष बेघर असलेल्या टीमची टोपी घालून हिंडण्यात काही वेगळंच आहे.

पेन्सिल्वेनियात अ‍ॅलनटाऊनला लीहाय व्हॅली आयर्नपिग्स आहेत, २००८ पासून. शेजारीच बेथलेहेम, एके काळचं पोलादाचं गाव, आणि भट्टीतून निघणाऱ्या कच्च्या लोखंडाला पिग आयर्न म्हणतात, ते उलटं करून झालं आयर्नपिग. २०१४ पासून त्यांनी टोपीवर नुसती बेकनची, म्हणजे डुकराच्या मांसाची पट्टी आणली. सरळ एक तळलेली पट्टी, बाकी अक्षर नाही की काही नाही. आमची आई इथे आली होती तेव्हा तिने ती खुंटीवर बघून विचारलं, ही लाल चिंधी कसली शिवलीय टोपीला. मी म्हटलं डिझाइन आहे. शाकाहारी घरात तेवढंच उत्तर पुरे.

अ‍ॅक्रन, ओहायो. गुडइयर आणि फायरस्टोन दोन्ही टायर कंपन्या याच गावात जन्मल्या. तिथल्या टीमचं नाव २०१४ पासून रबरडक्स, आणि टोपीवरचं बदक बाथटबमधलं गुटगुटीत नाही, चांगलं रागावलेलं आहे. न्यूयॉर्क राज्यातलं बिंगहॅमटन लाकडी घोड्यांच्या पाळण्यांसाठी प्रसिद्ध, म्हणून तिथे २०१७ पासून रंबल पोनीज. फोर्ट वेनचं टिनकॅप्स तर माझं लाडकं: जॉनी अ‍ॅपलसीड नावाचा माणूस सफरचंदाची झाडं लावत ओहायो-इंडियानाकडे फिरला, डोक्यावर म्हणे पत्र्याचं भांडं घालायचा, आणि त्याची समाधी फोर्ट वेनमध्ये दाखवतात. टोपीवर रागीट सफरचंद आणि त्या सफरचंदाच्या डोक्यावर भांडं. म्हणजे टोपीवर टोपी घातलेलं फळ.

अल्बुकर्की आयसोटोप्सची गोष्ट उलट्या दिशेने जाते. २००१ मध्ये सिम्पसन्सच्या एका भागात स्प्रिंगफील्ड आयसोटोप्स ही टीम गपचूप अल्बुकर्कीला हलवायचा डाव दाखवला होता. २००३ मध्ये त्या शहरात खरंच टीम आली तेव्हा लोकांनी मत देऊन तेच नाव निवडलं. न्यू मेक्सिकोत अणुसंशोधन झालेलं असल्यामुळे नाव शोभूनही दिसतं.

हा धागा नको असेल तर दुसरे आहेतच. काही लोक फक्त जिथे जाऊन मॅच बघितली तिथलीच टोपी घेतात, हा सगळ्यात प्रामाणिक नियम आणि खिशालाही बरा. काही एका मेजर टीमच्या चारही पायऱ्या लावतात. काही फक्त अक्षरांच्या टोप्या घेतात, चॅटनूगा लुकआउट्सचा सी बघा, त्याला दोन डोळे आहेत, बस, तरी किती भारी दिसतो. लेक एल्सिनोर स्टॉर्मच्या टोपीवर तर नुसते वटारलेले डोळे. अंधारात चमकणाऱ्या टोप्यांचाही एक पंथ आहे, वायोमिंगच्या कॅस्पर घोस्ट्सने २००८ मध्ये तशी काढली होती आणि साउथ कॅरोलायनाच्या कोलंबिया फायरफ्लाइजचे काजवे २०१६ पासून चमकतायत.

आणि मग खाण्याच्या टोप्या. २०१५ मध्ये फ्रेज्नो ग्रिझलीजने एका दिवसासाठी फ्रेज्नो टाकोज असं नाव घेतलं आणि टोप्या अशा खपल्या की सगळ्या लीगला लाळ सुटली. मग रॉचेस्टर प्लेट्स आले. रॉचेस्टरमध्ये गार्बेज प्लेट म्हणून प्रकार मिळतो, बटाटे, मॅकरोनी सॅलड, बर्गर किंवा हॉटडॉग आणि वरून खिम्याचा मसालेदार सॉस आणि कांदा, आपल्या मिसळीसारखं सगळं एकावर एक ओतलेलं. सिराक्यूजवाल्यांनी मिठाच्या पाण्यात उकडलेल्या बटाट्यांवरून सॉल्ट पोटॅटोज केलं. आमच्या इथे ट्रेंटन थंडर २०१८ मध्ये काही दिवस ट्रेंटन पोर्क रोल झाले होते, पोर्क रोल म्हणजे इथला डुकराच्या मांसाचा पदार्थ. माँटगोमेरी बिस्किट्सचं मात्र हे कायमचंच नाव, २००४ पासून, आणि मॅचमध्ये हवेच्या तोफेतून प्रेक्षकांत खरी बिस्किटं उडवतात. आपलं पार्ले-जी डोळ्यापुढे आणू नका, ते मऊ लोणीदार पावाच्या जातीचं असतं.

चप्पल राहिली. २०१७ मध्ये चार टीम्सवर प्रयोग करून पुढच्या वर्षी मायनर लीगने कोपा दे ला दिव्हेर्सिओन हा प्रकार मोठा केला, टीम्स काही दिवस स्पॅनिश नावाने आणि वेगळ्या टोपीने खेळतात. त्यात सॅन अँटोनियो मिशन्स होतात फ्लाइंग चांकलाज. चांकला म्हणजे चप्पल, आणि ती कोण कुणाला फेकून मारतं हे मराठी घरात वाढलेल्याला सांगायची गरज नाही. माझ्या सगळ्या टोप्यांपैकी आपल्या लोकांत सगळ्यात जास्त हशा पिकतो तो हिला. कोपाच्या टोप्यांचे रंग पण नेहमीपेक्षा झकास असतात, नजर ठेवा.

कुठे आणि कधी घ्यायची

पहिली पसंती टीमचं स्वतःचं दुकान. ते स्टेडियमलाच चिकटून असतं आणि बऱ्याच ठिकाणी मॅच नसलेल्या दिवशीही ऑफिसच्या वेळात उघडं असतं, जायच्या आधी फोन करा. सीझन मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला चालू होतो आणि सप्टेंबरमध्ये संपतो. २०२१ पासून बहुतेक मालिका मंगळवार ते रविवार एकाच टीमविरुद्ध सहा मॅचेस अशा असतात, सोमवारी जवळपास सगळीकडे सुट्टी. म्हणून लाँग वीकेंडला सोमवारचा प्लॅन करायच्या आधी वेळापत्रक बघा.

मॅचला गेलात तर गेट उघडल्या उघडल्या आधी दुकानात शिरा. सातव्या इनिंगनंतर (मॅच एरवी नऊ इनिंगची) तिथे गर्दी होते आणि मधले साइज, म्हणजे ७ १/४ ते ७ १/२, संपलेले असतात. नवीन डिझाइन साधारण हिवाळ्यात जाहीर होतात, तेव्हा ऑनलाइन ऑर्डर नोंदवली तर साइज मिळतो. स्वस्तात हवी असेल तर सीझनच्या शेवटच्या आठवड्यात किंवा थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये घ्या, खास रात्रीच्या उरलेल्या टोप्या तेव्हा टेबलावर येतात. ऑनलाइन घेताना शक्यतो टीमच्याच साइटवरून घ्या. लीगच्या मोठ्या दुकानात सगळ्या टीम्स एका जागी मिळतात हे खरं, पण गावातल्या दुकानात जे विचित्र डिझाइन असतं ते तिथे असेलच असं नाही.

न्यू जर्सीकरांसाठी खास टीप. ब्रिजवॉटरचं बालाजी मंदिर सगळ्यांना माहीत आहे, त्याच गावात सॉमरसेट पेट्रियट्सचं मैदान आहे, २०२१ पासून यांकीजची डबल-ए टीम. दुपारी दर्शन, कँटीनमध्ये डोसा आणि संध्याकाळी मॅच असा रविवार बसतो. ते अधूनमधून जर्सी डायनर्स या नावाने खेळतात, ती टोपी बघा. समुद्राकडे जाणार असाल तर लेकवूडला जर्सी शोअर ब्लूक्लॉज, निळा खेकडा, कोकणी माणसाला आवडेलच. आणि ब्रुकलिन सायक्लोन्सला गेलात तर कोनी आयलंडचा समुद्र, १९२७ चा लाकडी रोलरकोस्टर आणि मॅच असं एकाच दिवसात होतं, रोलरकोस्टरचं तिकीट वेगळं अर्थात.

बंद पडलेल्या टीम्सच्या टोप्या

इथे नाद जरा गंभीर होतो. टीम गाव सोडते, नाव बदलते, आणि टोपी मागे उरते. न्यू ऑर्लिन्स बेबी केक्स हे नाव फक्त २०१७ ते २०१९ चाललं, मग टीम विचिटाला जाऊन विंड सर्ज झाली. पॉटकेट रेड सॉक्स २०२० नंतर संपले आणि वूस्टरला वूसॉक्स म्हणून उभे राहिले. पॉटकेटचं ते जुनं मॅकॉय स्टेडियम म्हणजे जिथे १९८१ मध्ये व्यावसायिक बेसबॉलमधली सगळ्यात लांब मॅच झाली, रॉचेस्टरविरुद्ध ३३ इनिंग. एप्रिलच्या थंडीत रात्रभर खेळून पहाटे थांबवली, उरलेली जूनमध्ये संपवली, आणि दोन्ही बाजूंना पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत गेलेले वेड बॉग्ज आणि कॅल रिपकन ज्युनिअर होते. पॉसॉक्सची, म्हणजे या पॉटकेट रेड सॉक्सची टोपी मिळाली तर हे सगळं तिच्याबरोबर येतं.

आपल्याशी नातं असलेलीही एक आहे. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भारतीय पोरगे २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने घेतले, त्याआधी त्यांनी बेसबॉल हातात धरलेला नव्हता, भालाफेकीतली मुलं. २००९ मध्ये ते नवख्यांच्या गल्फ कोस्ट लीगमध्ये खेळले, आणि रिंकू पुढे वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या टीमपर्यंत चढला. पॉवर हे नावही आता राहिलेलं नाही, त्यामुळे ती टोपी जुन्या बाजारातच शोधावी लागते.

अशा टोप्या ई-बेवर, गॅरेज सेलमध्ये, गुडविलसारख्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत सापडतात. गुडविलला त्या त्या गावाच्या आसपास जा, पॉटकेटची टोपी ऱ्होड आयलंडात मिळायची शक्यता जास्त. विकत घेताना विक्रेत्याकडून आतल्या लेबलचा, मागच्या लोगोचा आणि घामाच्या पट्टीचा फोटो मागा, देत नसेल तर सोडून द्या. भरतकाम उठावदार आणि दाट हवं, अक्षरांच्या कडेला सुटे धागे, वाकडी शिलाई, पुढचे दोन तुकडे जिथे जुळतात तिथे लोगो सरकलेला असं दिसलं की डुप्लिकेट समजा. नवीकोरी फिटेड पंधरा डॉलरला कुणी देत असेल तर त्याच्या मोठेपणावर विश्वास ठेवू नका. फार जुन्या, आपण जन्मायच्या आधीच्या टीम्स हव्या असतील तर सिअॅटलची एबेट्स फील्ड फ्लॅनेल्स त्या नव्याने लोकरीत शिवून देते, १९८८ पासून हाच धंदा, महाग आहे पण काम बघण्यासारखं.

घालायची कशी

ब्रिम सपाट ठेवायची की वाकवायची यावर अमेरिकेत लोक तावातावाने भांडतात. चाळिशीच्या पुढच्यांनी थोडी वाकवलेलीच बरी दिसते असं माझं मत, पोरांना काय हवं ते करू द्या. वाकवायची तर दोन्ही हातांनी कडा धरून मधून हळूहळू, पट्कन दुमडली तर मधोमध घडीची रेघ पडते ती कायमची. मग एका रात्रीसाठी ब्रिम मोठ्या कॉफी मगमध्ये खोचून ठेवा, बस. ब्रिमवरचं सोनेरी गोल स्टिकर ठेवायचं की काढायचं हाही वाद आहे, मी काढतो, कारण उन्हात त्याच्याखाली गोल डाग राहतो.

टोपी गडबडीची असेल तर बाकीचे कपडे साधे ठेवा. डोक्यावर केशरी बेकन आणि अंगात फुलाफुलांचा शर्ट म्हणजे वरात. मायनर लीगची एक सोय अशी की कुठल्याही टीमची टोपी कुठल्याही गावात घालून जा, कुणी वाकड्यात शिरत नाही, उलट शेजारचे म्हातारे आजोबा हटकून विचारतात की तिकडचं स्टेडियम कसं आहे. बोस्टनमध्ये यांकीजची घालून हे करून बघा! फक्त राष्ट्रगीताच्या वेळी टोपी काढायची, सगळे काढतात, त्यात चालढकल नको.

शनिवारी पार्कात टेनिस बॉल क्रिकेट खेळतो तेव्हा आमच्या टीममध्ये अकरा जणांच्या डोक्यावर अकरा वेगळ्या टोप्या असतात आणि युनिफॉर्म तेवढाच. स्लिपला उभं राहायला लांब ब्रिम खरंच उपयोगी पडते. आणि एकदा सत्यनारायणाला डोकं झाकायला काही सापडेना म्हणून एका मित्राने रबरडक्सची टोपी उलटी घालून संकल्प सोडला, गुरुजींनी एकदा बदकाकडे बघितलं आणि पुढे वाचायला लागले.

धुणं

वॉशिंग मशीन नको, डिशवॉशर तर अजिबात नको, इंटरनेटवर कुणी काहीही सांगो. गरम पाण्याने लोकर आकसते, आपटून पुढचं कडक कापड मोडतं आणि मग टोपीला पोक येतं.

आधी आतल्या कडेला ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग जातो का बघा. जात असेल तर फक्त ओल्या कापडाने पुसा, त्यापलीकडे जाऊ नका. नसेल तर थंड पाण्यात थोडं सौम्य लिक्विड डिटर्जंट, जुना मऊ टूथब्रश, आणि आधी घामाची पट्टी घासायची कारण घाण तिथेच असते. घामाचे पांढरे डाग वर आले असतील तर खायच्या सोड्याची पातळ पेस्ट लावून अर्धा तास ठेवा. भरतकामावर ब्रश धाग्याच्या दिशेनेच फिरवा. मग थंड पाण्याने साबण पूर्ण काढा, पिळायचं नाही, टॉवेलने टिपायचं आणि डोक्याच्या आकाराच्या पालथ्या भांड्यावर सावलीत पंख्याखाली वाळवायची. फार जुन्या टोप्यांच्या ब्रिममध्ये पुठ्ठा असतो, ती ब्रिम भिजली की संपली, त्यामुळे तिथे कोरडा ब्रशच.

घट्ट झालेली फिटेड सैल करायला किटलीच्या वाफेवर आतली पट्टी मिनिटभर धरा आणि डोक्यावर घालून थंड होऊ द्या. पॉलिएस्टर यात फारसं ताणत नाही, लोकर ताणते.

ठेवायच्या कुठे, आणि भारतात न्यायच्या कशा

खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नका, लाल आणि जांभळा रंग दोन उन्हाळ्यात फिका पडतो. कपाटाच्या दाराच्या आत चिकटणारे हूक सगळ्यात सोयीचे. रांगेत एकात एक बसवून ठेवल्या तरी चालतात, फक्त पुढचा भाग दाबून सपाट करून रचू नका. रोज घालायच्या पाच-सहा बाहेर ठेवा आणि बाकीच्या महिन्या-दोन महिन्यांनी बदलत राहा. फोनमध्ये एक साधी यादी ठेवा, टीम, साइज, कुठून घेतली, किती पडले. किती पडले हा रकाना घरच्यांना दिसेल अशा ठिकाणी नको.

भारतात कुणाला हवी असेल तर अमेरिकेतून कुरिअर करायच्या भानगडीत पडू नका, पाठवणावळ आणि कस्टम मिळून टोपीपेक्षा जास्त होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेतून पाठवा. टोपीच्या आत मोज्यांचे गोळे ठासून भरा, दोन-तीन टोप्या एकात एक घाला आणि बॅगेच्या मधोमध, कपड्यांच्या गादीत, ब्रिम कडेला टेकणार नाही अशी ठेवा. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात लोकरीच्या टोपीला बुरशी धरते, तिकडे पॉलिएस्टरचीच पाठवा आणि बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या बरोबर टाका. आणि भाच्याला फिटेडच हवी असा हट्ट असेल तर बहिणीला सांगा की त्याच्या डोक्याला सुतळी गुंडाळून पट्टीवर धरलेला फोटो पाठव, तो म्हणेल त्या साइजवर जाऊ नका.